आपल्या माणसाचा कोड

आमच्या ऑफिसात कोणी कोणाच्या कामाला वाईट म्हणत नाही. डब्लिनच्या या ऑफिसात मला बारा वर्षं झाली, पण 'हे टाकाऊ आहे' असं कोणी कोणाला तोंडावर म्हटलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही. काम टाकाऊ असलं की ते 'इंटरेस्टिंग' असतं. बाकी सगळं ग्रँड, म्हणजे छानच. हवा ग्रँड, चहा ग्रँड, सकाळी कोसळलेला सर्व्हर दुपारी ग्रँड. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे पचायला फार जड जातं. आमच्याकडे वाणीसुद्धा गिऱ्हाइकाची एखादी चूक काढल्याशिवाय पुडी बांधत नाही.

मी प्रोग्रामर आहे. आमची कंपनी विमा कंपन्यांना सॉफ्टवेअर पुरवते. वादळात कोणाचं छप्पर उडालं, कोणाची गाडी ठोकली, की तो माणूस जो अर्ज भरतो त्याचं पुढे काय होतं ते आमचा कोड ठरवतो. आमच्या धंद्यात एक रीत आहे. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून पास केल्याशिवाय पुढे जात नाही. याला रिव्ह्यू म्हणतात. वाचणारा एकेका ओळीशेजारी आपले शेरे लिहितो, त्यांना कॉमेंट्स म्हणतात. लिहिणाऱ्याने त्याप्रमाणे दुरुस्त्या करायच्या, नाहीतर आपलं म्हणणं मांडायचं. शाळेतल्या वह्या तपासण्यासारखंच आहे हे, फक्त इथे दोघंही घोडे झालेले असतात.

टीममध्ये मी सगळ्यांत जुना, त्यामुळे रिव्ह्यूचं बरंचसं काम माझ्या गळ्यात. पहिल्या वर्षी मी ते मनापासून केलं. दिसेल ती चूक लिहिली. मग मॅनेजरने एकदा मला कॉफीला नेलं. हा मॅनेजर कॉर्क शहरातला, माझ्याच वयाचा, मनाने खरोखर चांगला माणूस. तो म्हणाला, लोकांना वाटतंय की तू त्यांच्यावर डाफरतोस. मी म्हटलं, डाफरलो कुठे, चुका दाखवल्या. त्यावर तो हसला. "शुअर लुक, असं बघ," तो म्हणाला, "दोन दाखव. बाकीच्या त्यांच्या त्यांना सापडतील." त्या दिवसापासून मी दोन दाखवू लागलो. तिसरी दिसली तरी गप्प बसायचं, खाली 'लुक्स ग्रँड' लिहायचं आणि पास करून टाकायचं. लोक खूश झाले. वर्षअखेरीला मला 'टीममध्ये छान मिसळतो' असा शेरा मिळाला.

गेली दोन-तीन वर्षं तर वाचण्यासारखंही काही उरलेलं नाही. आता एआयच्या टूलला सांगितलं की टूल कोड लिहून देतं. सांगणारा तो न वाचताच माझ्याकडे पाठवतो. मी वरवर नजर फिरवतो आणि पुढे ढकलतो. लिहिणाऱ्याने वाचलेलं नाही, वाचणाऱ्यानेही वाचलेलं नाही, आणि शेवटी ते कोणाच्या तरी उडालेल्या छपराचा निकाल लावतं. सकाळी आम्ही सगळे गोल करून उभे राहतो आणि काल काय काय केलं ते एकमेकांना सांगतो, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडावर मला तोच कंटाळा दिसतो. पंचवीस वर्षं मी ज्याला कसब समजत आलो, त्याची इथे कोणाला गरज नाही. मी राहतो त्या लिक्सलिपहून सकाळी ट्रेनने येताना मला हेच वाटतं आणि संध्याकाळी परत जातानाही हेच. घरी मुलगी विचारते, "हाउ वॉज वर्क, बाबा?" मी म्हणतो, ग्रँड.

त्यात ती आली.

ती नागपूरची. चौतीस वर्षांची. मुलगी झाल्यावर तिने पाच वर्षं काम सोडलं होतं, आणि पुन्हा उभं राहायचं म्हणून थेट आयर्लंड गाठलं होतं. नवरा नागपुरात कॉलेजात शिकवत होता, तो नोकरी सोडून तिच्यामागे आला आणि इथे एका सुपरमार्केटात शेल्फवर माल लावायचं काम करू लागला. पाच वर्षांची मुलगी डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या शाळेत जायला लागली. या सगळ्यांचं इथलं राहणं तिच्या परमिटवर होतं, परमिट तिच्या नोकरीवर, आणि नोकरी पहिले सहा महिने प्रोबेशनवर. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये डबा उघडता उघडता सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे; आपण कोणत्या फांदीवर बसलो आहोत ते तिला नीट ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "सर, इथे मराठीत बोललं तर चालतं ना?"

"हळू बोललं तर चालतं. आणि सर म्हणू नकोस. इथे सगळ्यांना नावानं हाक मारतात."

"तुम्हाला नावानं हाक मारू? जीभ झडेल माझी, सर."

ती सर म्हणत राहिली आणि मीही पुन्हा हटकलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

तिने पाठवलेला पहिला कोड मला अजून आठवतो. काम साधंच होतं. अपघात कधी झाला आणि अर्ज कधी आला, यांच्यामधले कामाचे दिवस मोजायचे. तो टूलकडून लिहून घेतलेला नाही, तिने स्वतः लिहिलेला आहे, हे पहिल्या दहा ओळींतच कळलं, कारण त्यात माणसाच्या चुका होत्या. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. कितीतरी दिवसांनी मला वाचायला काहीतरी मिळालं होतं. मी अडतीस कॉमेंट्स लिहिल्या. कोडमधल्या या नावावरून काय कळतं? बदल. हीच अट वर एकदा तपासली आहेस, पुन्हा कशाला? बँक हॉलिडे विसरलीस. हे फंक्शन एकाच वेळी तीन कामं करतंय, त्याला एकच करू दे. तारखा अशा मोजतात का?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अडतीसच्या अडतीस कॉमेंट्सना उत्तर आलं होतं. पस्तीस ठिकाणी तिने दुरुस्ती केली होती आणि तीन ठिकाणी माझ्याशी वाद घातला होता. त्या तीनपैकी दोन ठिकाणी तिचं बरोबर होतं. मी जाग्यावर हसलो. शेजारच्या डेस्कवरच्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, इतकं ते हसणं त्याला नवीन होतं.

इथे मला एक कबूल करायला हवं. आपल्यात म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. परदेशातल्या ऑफिसात आम्ही ही म्हण उलटी करून वापरतो. टीममध्ये आपला माणूस आला की कार्टं तो. त्याला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून त्याला दुप्पट घासायचं. शिवाय आमची अशीही समजूत असते की परक्याशी गोड बोलावं आणि आपल्याला खरं सांगावं. पुण्यातले माझे पहिले साहेब माझा कोड कागदावर छापून घ्यायचे आणि लाल शाईने भरून माझ्या टेबलावर टाकायचे. 'ठीक' हा शब्द मी त्यांच्या तोंडून चार वर्षांत दोनदा ऐकला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं ते म्हणायचे. ज्याच्या कोडवर ते काहीच लिहीत नसत, त्याच्यावर त्यांनी पाणी सोडलंय असं आम्ही समजायचो. तिलाही हे सांगावं लागलं नाही. नागपुरातल्या तिच्या पहिल्या नोकरीत तिनेही हेच पाहिलं होतं. रागावणं म्हणजे जीव लावणं हे तिला कळत होतं आणि मला कळत होतं. तिसरा कोणी हे पाहील आणि त्याला ते कळणार नाही, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

चौथ्या महिन्यापर्यंत तिचा कोड टीममध्ये सगळ्यांत स्वच्छ झाला. तेव्हा मी हात आवरायला हवा होता. पण मी आवरला नाही. चुका संपल्या तेव्हा मी आवडीनिवडीवर आलो. हे बरोबर आहे, पण आणखी सुटसुटीत होईल. हे चालतं, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कळेल का? यातलं निम्मं तिला शिकवण्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. इतक्या वर्षांनी मी लिहिलेलं कोणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होतं. एकदा मी फक्त बारा कॉमेंट्स लिहिल्या तर तिचा चॅटवर मेसेज आला, "सर, आज फक्त बारा? तब्येत बरी आहे ना?" त्या काळात ट्रेनमध्ये मी तिचाच कोड डोक्यात घोळवत बसायचो. सकाळी ऑफिसला जावंसं वाटायचं. एवढं सुख मला या धंद्याने बऱ्याच वर्षांत दिलं नव्हतं.

तिचा सहावा महिना लागला आणि मॅनेजरने मला छोट्या खोलीत बोलावलं. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वरच्या मंडळींनी नवी मोजणी सुरू केली होती. कोणाच्या कोडला किती कॉमेंट्स आल्या, तो किती वेळा परत पाठवावा लागला, हे सगळं मोजून प्रत्येकाच्या नावापुढे रंग दिला होता. आमच्या टीममधली सगळी नावं हिरवी होती. तिचं एकटीचं लाल होतं.

"तिला जमत नाहीये का?" मॅनेजरने विचारलं.

"न जमायला काय झालं? टीममध्ये तिच्याइतका चांगला कोड कोणाचाच नाही."

"मग हे काय आहे?"

"त्या माझ्या कॉमेंट्स आहेत."

"ते दिसतंय मला." त्याने बोट खाली सरकवलं. "हा बघ, युअर मॅन, खिडकीजवळ बसतो तो. त्याला महिनाभरात चार." इथे 'युअर मॅन' म्हणजे 'तो अमुक माणूस', तुझा-माझा कोणी नव्हे.

"त्याचा कोड मी वाचतच नाही," मी बोलून गेलो. बोलल्यावर माझ्याच कानात ते वाजलं.

मॅनेजरने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "हे मला लिहून दे. तिला एवढ्या का आणि बाकीच्यांना एवढ्याच का. शुक्रवारी मला वर उत्तर द्यायचंय. तू नीट लिहिलंस तर ती राहील." मी उठलो तेव्हा त्याने दार उघडण्याआधी मला थांबवलं. आवाज खाली आणला. "पण जपून लिही. ती तुझ्या देशाची म्हणून तिला वेगळं वागवलंस, आणि बाकीच्यांचं न वाचता पास केलंस, असं लिहिलंस तर मला ते एचआरकडे पाठवावंच लागेल." तो धमकी देत नव्हता. त्याला माझी काळजी वाटत होती.

गुरुवारी दुपारी मी मेल लिहिला. झरझर लिहिला, कारण सगळं तयारच होतं. मी लिहिलं की ही बाई या टीममधली सर्वांत चांगली प्रोग्रामर आहे. तिच्या कोडवर मी जास्त लिहितो कारण तिचा कोड वाचण्याच्या लायकीचा आहे. आमच्याकडे आपल्या माणसाला असंच शिकवतात आणि मी तिला आपलं माणूस मानलं. ही माझी चूक आहे, तिची नाही. बाकीच्यांना मी दोन कॉमेंट्स लिहितो कारण मला तसं सांगितलं गेलं, आणि अलीकडे तर मी त्यांचं वाचतही नाही. त्या लाल रंगात जे दिसतंय ते तिचं काम नाही, माझं आहे.

लिहून झाल्यावर मी ते वाचलं, जसं दुसऱ्याचं वाचतो तसं. प्रत्येक ओळ खरी होती आणि प्रत्येक ओळ माझ्याविरुद्ध होती. मी एक्कावन्न वर्षांचा आहे. आजकाल माझ्या वयाच्या प्रोग्रामरला कोण दारात उभं करतं? मुलीचं कॉलेज तोंडावर आलेलं. मला भीती वाटली, साधी भीती. बायकोला मी तो मेल दाखवला नाही. तिने तो पाठव म्हटलं असतं.

मग मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. मी तो मेल उचलून टूलमध्ये टाकला आणि खाली लिहिलं, 'याला जरा प्रोफेशनल कर.' ज्या टूलला मी दिवसभर शिव्या घालतो, त्याच्याच पायाशी गेलो. त्याने पापणी लवायच्या आत चार वाक्यं परत दिली. ती मेहनती असून अभिप्राय मोकळेपणाने स्वीकारते. सुरुवातीच्या काळात तिच्या कामात बऱ्याच दुरुस्त्या सुचवण्यात आल्या. त्यानंतर लक्षणीय प्रगती दिसून आली आहे. तिच्या पुढील वाटचालीला साहाय्य करत राहण्यास मला आनंद वाटेल.

मी ती दोनदा वाचली. खोटं कुठेच नव्हतं. मीही कुठेच नव्हतो. एक स्वल्पविरामसुद्धा न बदलता मी तो मेल पाठवला आणि लॅपटॉप बंद करून ट्रेन गाठली. मनात म्हटलं, मॅनेजरला आतली गोष्ट ठाऊक आहे, तो समजून घेईल. तो समजलाही असेल. पण वर गेला तो मेल, मॅनेजर स्वतः नव्हे.

पुढच्या बुधवारी तिला पंधरा मिनिटांच्या मीटिंगला बोलावलं. त्यानंतर तिचा लॅपटॉप उघडलाच नाही. ती लिफ्टपाशी उभी होती, हातात कोट आणि डब्याची पिशवी. मला पाहून म्हणाली, "सर, नंतर बोलते." आवाज ठीक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोल करून उभे राहिलो तेव्हा मॅनेजर म्हणाला की तिने आपला रस्ता निवडला आहे आणि आपण सर्व जण तिला शुभेच्छा देऊ या. तिने निवडला! मी जमिनीकडे पाहत राहिलो. मग पुढच्या कामाची चर्चा सुरू झाली. तिचं अर्धवट काम टूलला दिलं गेलं. पुढे काही आठवड्यांनी मॅनेजर मला मोठ्या उत्साहाने म्हणाला की तिच्या कोडवरच्या माझ्या कॉमेंट्स फारच उत्तम आहेत, त्या आपण टूलला नियम म्हणून देतोय. मी बरं म्हटलं.

तिला काढलं त्याच आठवड्यात तिचा एक मेसेज आला होता. "सर, मॅनेजर म्हणाले, तुम्ही माझ्यासाठी मेल लिहिला होता. तुम्ही फार केलंत. विसरणार नाही." मी उत्तरादाखल हात जोडल्याची खूण पाठवली. शब्द सुचले नाहीत असं नाही.

ती दुसरी नोकरी शोधत होती हे मला इतरांकडून कळत होतं. वॉटरफोर्डपर्यंत अर्ज केले म्हणे. एक-दोन ठिकाणी शेवटपर्यंत पोचली. पण आधीच्या ठिकाणी प्रोबेशनमध्ये काढून टाकलेल्या, परमिट लागणाऱ्या बाईला घेताना सगळेच कचरतात. मी फोन केला नाही. रोज उद्या करू म्हणायचो. दोन महिने असेच गेले आणि एक दिवस तिचाच मेसेज आला. पुढच्या आठवड्यात आम्ही परत जातोय, शनिवारी चहाला या.

शनिवारी दुपारी मी टॅलाला गेलो. हातात काहीतरी असावं म्हणून केक घेतला. दार तिच्या आईने उघडलं. मुलीला सांभाळायला त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि आता सगळ्यांबरोबरच परतणार होत्या. नऊवारीवर जावयाचं जाडजूड जॅकेट घातलं होतं.

"या भाऊ, या. बसा नं," त्या म्हणाल्या. "माही लेक रोज तुमचं नाव घेते. परक्या मुलखात आपलं मानूस पाठीशी असनं लय मोठी गोष्ट हाय."

मी बसलो. बैठकीत उघड्या बॅगा होत्या. नवरा कामावर गेलेला. त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि कप सापडेनात म्हणून हाका मारू लागल्या, तशी नात इथल्या इंग्रजीत म्हणाली, "दे आर इन दि अदर प्रेस, आजी," आणि उड्या मारत तिकडे गेली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. नागपूरला जायचंय एवढंच तिला सांगितलं होतं. तिला वाटत होतं सुट्टीला जायचंय.

ती समोर येऊन बसली. बारीक झाली होती. हातात कागद होते.

"सर, मी कंपनीकडे माझे सगळे कागद मागितले होते," ती म्हणाली. "इथे मागता येतात. आपल्याबद्दल जे काही लिहिलंय ते त्यांना द्यावंच लागतं. मला बघायचं होतं माझं नेमकं काय चुकलं. म्हणजे पुढच्या नोकरीत तरी ते होऊ नये."

तिने वरचा कागद माझ्यापुढे ठेवला. ती चार वाक्यं होती, खाली माझं नाव.

"आधी वाटलं दुसऱ्या कोणाचा मेल आहे," ती म्हणाली. "तुम्ही असं लिहीत नाही. कोडमधल्या माझ्या साध्या एका नावावरून तुम्ही मला तीन ओळी सुनावल्या होत्या. हे किती वेळा वाचलं, सर, यात पकडण्यासारखं काही सापडत नाही."

मी तिला सगळं सांगितलं. पहिला मेल, एचआर, माझी भीती, टूल. काही गाळलं नाही. आतून आल्याचा वास येत होता आणि आजी-नातीचं काहीतरी बोलणं चाललं होतं. तिने माझ्यावर ओरडावं असं मला वाटत होतं. तिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी आभार मानले असते.

"तो पहिला आहे अजून?" तिने विचारलं.

"आहे. मी सोमवारी पाठवतो तो. जसाच्या तसा. मॅनेजरला, एचआरला, सगळ्यांना."

तिने कागद परत घेतला आणि बाकीच्या कागदांत नीट सारून ठेवला.

"आता नको, सर," ती म्हणाली. "तेव्हा पाठवला असता तर तो माझ्यासाठी असता. आता पाठवाल तो तुमच्यासाठी."

तिची आई चहा घेऊन आली. माझ्या हातात कप देत त्या म्हणाल्या, "तुमी होते म्हनून इतके दिस तरी टिकली पोरगी." मी तिच्याकडे पाहिलं. ती फक्त म्हणाली, "आई, केक काप ना. सरांना परत लांब जायचंय." मी चहा प्यायलो, केकचा तुकडा खाल्ला आणि निघालो. दारापर्यंत तिची आई आली, ती आली नाही.

ते सगळे गेले त्याला आता बरेच महिने झाले. नागपुरात तिला काम मिळालं का, मला माहीत नाही. विचारायला मला तोंड नाही. तो पहिला मेल ड्राफ्टमध्ये तसाच पडून आहे. तिने नको म्हटलं म्हणून मी तो पाठवला नाही, असं मी स्वतःला सांगतो, आणि ते मला पटत नाही. तिने नको म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही इथे लिहून ठेवतो.

एकदा कुठेतरी सगळं सरळ सांगायचं होतं, ते आज सांगितलं. टूलला दिलं तर ते याचं इंग्रजी करून देईल, पण त्यासाठी कोणाला तरी हे वाचावंसं वाटायला हवं. मी हे मराठीत लिहिलं आहे. आमच्या ऑफिसात आता मराठी वाचणारं कोणी नाही.